उघडून न पाहिलेलं गिधाड

आबा,

आज शनिवार, सकाळची शाळा, म्हणून तुमच्या तांड्यावर जाऊन आले. तुमच्या म्हणजे, जिथे तुम्ही चौदा वर्षं एकट्याने चार वर्ग सांभाळलेत त्या. आता तिथे दोन खोल्या वाढल्या आहेत, दारात हातपंप आहे, भिंतीवर मोर, वाघ आणि एक निळा हत्ती काढलाय. हत्ती निळा का, ते मी हेडमास्तरांना विचारलं नाही. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, आणि मग मुलांना घेऊन भिंतीसमोर अर्धा तास उभे राहिला असतात. तिथून आल्यापासून मी जेवलेले नाही. दुपार झाली, ताट वाढून झाकून ठेवलंय, आणि मी तुम्हाला लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्या वर्षश्राद्धाला सुद्धा मी तुमच्याशी मनातल्या मनात दोन वाक्यं बोलले नाही, याचं कारण आळस नव्हता.

आधी तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगते. दवाखाना मी तीन वर्षांपूर्वी बंद केला. आता मी शाळाशाळांतून पाखरं, साप आणि रानातली जनावरं शिकवत हिंडते. खांद्याला पिशवी, पिशवीत चित्रं आणि सापाच्या दोन काती, आणि मिळेल ती जीप. तिकडे कुरुंद्यापासून इकडे कळमनुरीच्या पलीकडच्या तांड्यांपर्यंत. औषध खाऊन मेलेले मोर, बिळात धूर करून मारलेल्या घोरपडी, विहिरीत पडलेला कोल्हा, असलं काही झालं की आता लोक मला निरोप धाडतात. पहिल्या वर्षी आपल्या डोंगरकड्यात सगळ्यांचं एकमत होतं की डॉक्टरीणबाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. एक बाई तर नातवाला काखेत मारून थेट वर्गात आली आणि म्हणाली, गिधाडाचं मागून सांगा, आधी याचा ताप पाहा. मी ताप पाहिला, पोरांनी थर्मामीटर पाहिलं, आणि तो तास तसाच गेला. तुम्हाला हे आवडलं असतं. तुम्हाला माझं आताचं सगळं काम आवडलं असतं, एक गोष्ट सोडून, आणि त्या एका गोष्टीसाठीच हे पत्र आहे.

मी प्रत्येक शाळेत एक गोष्ट सांगते. एक गुरुजी होते, त्यांना माळावर एक मेलेलं गिधाड सापडलं. ते पोत्यात घालून त्यांनी आपल्या डॉक्टर मुलीकडे आणलं. मुलीने ते दवाखान्यामागच्या अंगणात नेलं, उघडून पाहिलं, तर आत काळजावर, मूत्रपिंडावर पांढरा थर, खडूची भुकटी सांडल्यासारखा. तिला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. पुढे कळलं की दुखणं थांबवायची जी सुई माणसं ढोराला देत होती, तीच मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होती. ती मुलगी म्हणजे मी, असं मी शेवटी सांगते आणि पोरं टाळ्या वाजवतात. आबा, यातलं पोतं खरं आहे, गिधाड खरं आहे, सुई खरी आहे. उघडून पाहिलं, एवढंच खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातले एक तुम्ही.

तुमच्या वर्गाचा एक नियम होता. टेबलावर काहीही आणून ठेवायचात: सुगरणीचा खोपा, सरड्याची कवटी, सालिंदराचा काटा, कुणाच्या तरी शेतात सापडलेलं दगडी खापर. आणि सगळ्यांनी हात लावल्याशिवाय कुणी त्याचं नाव सांगायचं नाही. मी तुमची पोरगी, मला घरीच सगळं आधी दिसलेलं असायचं, म्हणून मी एकदा लांबूनच ओरडून सांगितलं की ही घुबडाने ओकलेली गोळी आहे, यात उंदराची हाडं असतात. बरोबर होतं ते. तरी तुम्ही मला त्या दिवशी वर्गाबाहेर पाठवलंत. मी रडत रडत विचारलं की चुकलं काय. तुम्ही म्हणालात, उत्तर चुकलं नाही, तू चुकलीस. तेव्हा मी सात वर्षांची होते आणि मला वाटलं की तुम्हाला तांड्यावरची लेकरं माझ्यापेक्षा जास्त आवडतात. तसं थोडंफार होतंही.

मग मी शिकले, नांदेडला आयुर्वेदाचं कॉलेज केलं, लग्न झालं, आणि चार वर्षांनी एक ट्रंक घेऊन तुमच्या दारात उभी राहिले. का आले हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आई असती तर तिने विचारलं असतं, ती त्याआधीच गेली होती. तुम्ही नुकतेच रिटायर झाला होतात. डोंगरकड्यात रस्त्यालगत दोन खोल्या पाहिल्यात, पुढे दवाखाना, मागे आपण. तपासणीचं टेबल सुताराकडून करून घेतलंत आणि दारावरची पाटी स्वतःच्या हाताने रंगवलीत, फळ्यावरच्या अक्षरात. त्या पाटीवर तुम्ही माझ्या नावापुढे माहेरचं आडनाव लिहिलंत. गावात त्यावरून काय काय बोललं गेलं ते मला नंतर कळलं. नवरा सोडून आलेली बाई, तिच्या हाताला गुण येईल का, असा सूर होता. पहिल्या वर्षी मी माशा मारत बसायचे आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम घालायचात, म्हणजे निदान कुणीतरी थांबेल. हे सगळं मी मुद्दाम लिहितेय. पुढे मी जे बोलले त्याला काही कारण होतं, हे मला आधी मांडून ठेवायचंय. वकिली म्हणा हवं तर.

पहिली सुई तुम्ही द्यायला लावलीत. हे मी विसरलेले नाही, उलट जरा जास्तच चांगलं लक्षात ठेवलंय. तांड्याचा नाईक तुमचा जुना दोस्त, त्याचा बैल चिखलात घसरून पाय सुजवून बसला होता. ढोरांचा दवाखाना लांब, तिथला डॉक्टर कधी या गावात तर कधी त्या गावात. तुम्ही सायकल हाणत आलात आणि म्हणालात, मुकं जनावर आहे, त्याची तकलीफ बघवत नाही, तुझ्याकडे माणसाचं जे आहे तेच दे. मी म्हटलं, आबा, मी माणसांची डॉक्टर आहे, तीही अर्धी, ॲलोपथीवाले तर मला तेवढंही मोजत नाहीत. तरी गेले. कंबरदुखीवाल्यांना देत होते तीच बाटली, अर्धी एकदम ओढली आणि मानेत दिली. दुसऱ्या दिवशी बैल उभा राहिला. नाईकाच्या बायकोने मला पाटावर बसवून कपाळाला कुंकू लावलं, सासरहून आलेल्या लेकीला लावतात तसं. गावात माझ्या हाताला गुण आला तो माणसावर नाही, त्या बैलावर.

त्यानंतर पोळा आला की माझ्या दारात माणसांपेक्षा ढोरांचे धनी जास्त. तुम्हाला आठवत असेल. लंगडा बैल मारुतीच्या देवळाला फेरी घालू शकत नाही, आणि ज्याचा बैल फेरीत नसतो त्याला त्या दिवशी गावात मान वर करता येत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या सकाळीच लोक यायचे. बाई, पोळ्यापुरता उभा करा, बस. म्हातारा, गुडघे गेलेला, चार पावलं न टाकणारा बैल मी पोळ्यापुरता उभा करायचे. त्याला झूल पडायची, बाशिंग चढायचं, फेरी व्हायची, आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत तो मरायचा, कारण तो मरायलाच टेकलेला असायचा. तांड्यावर तर म्हातारं ढोर कसायाला द्यायची रीतच नव्हती. शेवटपर्यंत दावणीला ठेवायचे आणि शेवटचे दिवस सुखाचे जावे म्हणून माझ्याकडून सुई न्यायचे. मग गाडीला बांधून माळावर. माया होती ती, आबा, सगळ्यांचीच. मला अजून कळत नाही की एवढ्या मायेने एवढं मोठं नुकसान होत असेल तर माणसाने वागायचं कसं.

माळावरची गिधाडं हा तुमचा रिटायर झाल्यावरचा उद्योग. मेलेलं ढोर टाकलं की तुम्ही निंबाखाली सायकल लावून बसायचात आणि वहीत लिहायचात: किती आली, आधी कोण बसलं, किती वेळात हाडं मोकळी केली. मी तुम्हाला चिडवायचे की मुलं शाळेत मोजली, आता ही मोजताय. एके वर्षी तुम्ही जेवताना म्हणालात की पाखरं कमी दिसून राहिलीत. पुढच्या वर्षी म्हणालात की नदीकाठच्या आंब्यावरची घरटी रिकामी आहेत. मी म्हटलं, गेली असतील दुसरीकडे. नंतर एकदा म्हणालात की ती झाडावर मान खाली टाकून बसतात, पेंगल्यागत, आणि दोन दिवसांनी खाली पडलेली असतात. मी भाजी वाढून घेतली. मला खरंच त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. गिधाडं कमी झाली तर कुणाच्या पोटात दुखणार होतं?

मग तो दिवस. पोळा होऊन आठवडा झाला होता, पावसाने उघडीप दिली होती, बाहेर ओसरीवर ही गर्दी. तुम्ही सायकलीच्या कॅरिअरला बांधलेलं पोतं सोडलंत, दोन्ही हातांनी उचलून आत आणलंत आणि तपासणीच्या टेबलावर ठेवलंत. बायकांनी नाकाला पदर लावले. तुम्ही खुशीत होतात, कसलीशी शोधाची खुशी, मला तुमचा तो चेहरा वर्गातला पाठ होता. म्हणालात, डॉक्टरीणबाई, पेशंट आणलाय. पोत्याच्या तोंडातून लांब उघडी मान बाहेर लोंबत होती. मी काही बोलायच्या आत तुम्ही आवाज खाली करून सांगायला लागलात, पण तुमचा खालचा आवाज म्हणजे मास्तराचा खालचा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. म्हणालात, नाईकाच्या बैलाला तू सुई दिली होतीस ना पोळ्याला, तो मेला, त्यावर ही बसली होती, आणि आज झाडाखाली सात पडलीत. सुईचं काही आत उतरतं का, उघडून बघशील का.

ओसरीवरच्यांनी माना आत वळवल्या. तिथे पाटलांच्या सूनबाई होत्या, पहिल्यांदाच आलेल्या. दोन वर्षं मी त्या घरातल्या माणसांची वाट बघत होते. मला एवढंच ऐकू आलं की माझ्या सुईने बैल मेला आणि पाखरं मेली, आणि हे माझा बाप भर दवाखान्यात सांगतोय. आबा, मी काय बोलले ते मला शब्दनशब्द पाठ आहे. मी म्हणाले, माझ्या सुईने माणसं उठून बसतात. पाखरांना रोग आला असेल, त्याला मी काय करू? ही घाण उचला इथून.

तुम्ही पोत्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. आणि अगदी हळू, खरोखर हळू, म्हणालात, "हात तरी लाव, माय."

मी हात लावला नाही. मी पुढच्या पेशंटला हाक मारली. तुम्ही पोतं उचललंत, बाहेर ठेवलंत, परत आत आलात. मला वाटलं आता बोलणार. तुम्ही फिनेलची बाटली घेतलीत, टेबल पुसलंत, पायऱ्या पुसल्यात, बायकांना म्हणालात, माफ करा, वास आला तुम्हाला. मग पोतं बांधून सायकलीवर गेलात. पाटलांच्या सूनबाईंना मी तपासलं, त्यांच्या अंगावर साध्या पित्ताच्या गांधी उठल्या होत्या. त्या बऱ्या झाल्या, आणि त्यांच्या मागून सगळा वाडा माझा पेशंट झाला.

दुपारी तुम्ही आलात, हात घासून धुतलेत, जेवलात.  मला वाटलं होतं की दोन-चार दिवस फुगून बसाल आणि मग होईल सगळं पहिल्यासारखं. तुम्ही फुगलाही नाहीत. मला जेवलीस का विचारायचात, लाइट गेली की कंदील आणून ठेवायचात. फक्त पाखरांचं बोलणं बंद झालं आणि बाहेरच्या बाकावर बसणं बंद झालं. पुढच्या पोळ्याला मी एकाच्या बैलासाठी सिरिंज भरत होते, तुम्ही दारात आलात, माझ्या हाताकडे पाहिलंत आणि आत निघून गेलात. तेवढ्याने मी थांबायला हवं होतं. मी नाही थांबले. आपण परभणी जिल्ह्यातून निघून हिंगोली जिल्हा झालो त्या वर्षी तुम्ही गेलात, भर दुपारी, मागच्या खोलीत आडवे झाला होतात ते उठलाच नाहीत. मी पुढच्या खोलीत पेशंट तपासत होते. मधे एक भिंत.

सहा वर्षांनी मी नांदेडला एका व्याख्यानाला गेले, ते बाहेर फार ऊन होतं म्हणून. पडद्यावर चित्रं दाखवत होते. एक गिधाड उताणं, पोट उघडलेलं, आणि आतल्या सगळ्या अवयवांवर पांढरा थर. बोलणाऱ्या माणसाने औषधाचं नाव घेतलं. माझ्या औषधाचं. मी उठून बाहेर आले आणि बस स्टँडवर जाऊन बसले. दोन गाड्या सोडल्या. तिथे बसल्या-बसल्या माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल? की पहिली सुई आबांनीच द्यायला लावली होती. आणि मला बरं वाटलं, आबा. क्षणभर का होईना, मोकळं मोकळं वाटलं. तुमच्यावर ढकलता येईल असं काहीतरी सापडलं म्हणून. मग त्या बरं वाटण्याचीच इतकी शिसारी आली की तिथल्या नळावर जाऊन तोंड धुतलं. पोत्यातलं पाखरू मी उघडलं असतं तर तोच थर मला दिसला असता. मला त्याचं नाव कळलं नसतं, मान्य. पण तुम्ही मला कुणाकडे तरी नेलं असतंत. तुम्ही ते अवयव बाटलीत घालून पार मुंबईपर्यंत गेला असतात, तुमचा काही भरवसा नव्हता.

सुया त्या दिवसापासून बंद केल्या. गावोगावच्या औषधवाल्यांना जाऊन सांगितलं, ढोरवाल्यांना सांगितलं, तासन्‌तास डोकं फोडलं. माणसं मान डोलवायची आणि दुसऱ्या दुकानातून बाटली न्यायची. तेव्हा लक्षात आलं की हे लेकरांना सांगितलं पाहिजे, ती घरी जाऊन बापाचं डोकं खातात. असं करत करत दवाखाना सुटला. तुमच्यासाठी सुटला असं लोक म्हणतात, बापाचं राहिलेलं काम लेकीने उचललं म्हणतात, आणि मी नाही म्हणत नाही. खरं असं की त्या टेबलाजवळ उभं राहणं मला जमेना.

आणि ते खोटं. ते पहिल्याच वर्षी एका शाळेत तोंडातून गेलं. मी पोत्यापर्यंत खरं सांगितलं होतं. पुढच्या रांगेतली एक मुलगी, दोन वेण्या, मला म्हणाली, मंग तुमी काय केलं? साठ डोळे माझ्याकडे. मी म्हणाले, मी ते उघडून पाहिलं. पांढऱ्या थराचं वर्णन नांदेडच्या चित्रावरून केलं. त्या मुलीने असा श्वास सोडला की माझी सुटकाच झाली जणू. मग पुढच्या शाळेत तेच, त्याच्या पुढच्या शाळेत तेच. ओसरीवरच्या बायकांनी हाकलणं पाहिलं होतं, पण नंतर मागच्या अंगणात मी काय केलं ते त्यांना कुठे माहीत. आता तर इतर शिक्षकही ती गोष्ट सांगतात. गोष्टीने कामही केलं, ढोर टाकण्याआधी त्याला काय दिलं होतं हे आता काही गावांत विचारतात. गिधाडं परत आली नाहीत. कुठून येणार? ही पोरं विचारतात, बाई, तुमी खरंच पाह्यलेत का गिधाड, आणि मी सांगते की माझ्या वडलांनी मोजलेत.

आज तांड्यावर गोष्ट सांगायला उभी राहिले आणि दारात नाईक दिसला. पांढरा फेटा, हातात काठी, पार वाकलाय. तुमच्या शाळेत तुमची पोरगी येणार म्हणून आला होता. मी दुसरंच काही, सापाचं वगैरे सांगून निसटू शकले असते, पण हेडमास्तरच म्हणाले, मॅडम, ती गुरुजींची गोष्ट. मी सांगितली. उघडून पाहिलं, पांढरं निघालं, सगळं. नाईक काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. शाळा सुटल्यावर तो माझ्यासोबत जीपच्या फाट्यापर्यंत चालत आला.  मग म्हणाला की त्या वर्षी तांड्यावर सगळ्यांना वाटलं होतं, सुईनंच बैल मेला न्‌ पाखरं मेली. सुया बंद करायच्या असं बसून ठरलं होतं. आणि गावभर सांगणार होते की गुरुजीच्या पोरीची सुई खराब हाय. तेवढ्यात तुम्ही सायकलीवर परत आलात.

"गुरुजी आमाला म्हनले, पोरीनं समदं फाडून पाह्यलं. तिला काईच घावलं न्हाई. सुईत खोट न्हाई, तुमी सुया बेशक घ्या." नाईक थांबला. "आज तुमी म्हनता पांढरं निघालं व्हतं. मंग गुरुजी आमाला खोटं काहून बोलले, बाई?"

आबा, इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही माझ्यावर रुसून गेलात. तुम्ही तर त्याच दिवशी, जेवायला येण्याआधीच, ते पोतं कुठेतरी पुरून, तांड्यावर जाऊन माझं नाव सांभाळून आला होतात. पाखरं कशाने मरतात हे त्या तालुक्यात कुणाला कळलं असेल तर ते तुम्हाला, आणि तुम्ही तुमच्या पाखरांऐवजी मला निवडलंत. मग पुढे दोन वर्षं माळ रिकामा होताना बघत बसलात, आणि मी सिरिंज भरताना पाहून आत जात राहिलात. हात लावल्याशिवाय नाव न सांगणारे तुम्ही, माझ्यासाठी न पाहिलेलं पाहिलं म्हणालात. मी जे खोटं माझं समजत होते ते आधी तुमचं होतं. मला हे कळायला नको होतं, आबा. तुमचा राग घेऊन मी कशीबशी जगत होते, ही माया घेऊन कसं जगायचं?

नाईक उत्तरासाठी थांबला होता. एक वाक्य पुरलं असतं. नाईक, मी ते उघडलंच नव्हतं, मी त्यांना हाकलून दिलं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. जीप दिसत होती लांबून. आणि मी म्हणाले, "आबांचं वय झालं होतं. मी सांगितलेलं त्यांच्या ध्यानात राहिलं नसेल."

नाईकाने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी?" म्हणाला. "गुरुजी काई इसरत न्हवते."  जीपला हात केला, माझी पिशवी आत ठेवली, आणि काठी टेकत परत फिरला. इतक्या वर्षांच्या दोस्तीवर आता त्याच्या मनात एक किंतु राहणार, आणि तो मी घातला. दुसऱ्यांदा तुम्हाला भरल्या ओसरीतून बाहेर काढलं म्हणायचं, या वेळी तर ओसरीही नव्हती, एकटा नाईक होता.

हे सगळं लिहून झाल्यावर वाचलं. चांगलं उतरलंय, कुणालाही समजेल असं. पाकिटाचा प्रश्न नाही, तुम्हाला पाठवायचं तरी कुठे. पण खरं सांगायचं तर हे पत्र तुमचं नाहीच, नाईकाचं आहे. तुम्हाला यातलं काय नवीन आहे? त्याला वाचता येत नाही. म्हणजे तांड्यावर जाऊन, त्याच्या समोर बसून, मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. ते करावं लागू नये, म्हणून मी वर तुमचं नाव घातलं.